कोल्ह्यांच्या खोक्यातले लाडू

आमच्या घरात दोन माणसं आतड्यांवर जगली. नवऱ्याने उभा जन्म माणसांच्या आतड्यांत दुर्बीण घालून काढला, आणि मुलगी कोल्ह्यांची आतडी उकलून त्यातले जंत मोजते. मधल्यामधे मी, एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून रिटायर झालेली.

मिनेसोटात, ईडन प्रेरीला, आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कुणी विचारलं, "लेक काय करते हो सध्या?" की नवरा हातातला बटाटेवडा खाली ठेवून हौसेने सांगायला लागायचा, आणि मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायचे. "रिसर्चमध्ये आहे, अलास्काला," एवढ्यावर मी ते मिटवायचे. जेवताना लोकांना जंत कशाला ऐकवायचे, असं माझं म्हणणं. खरं सांगायचं तर मला ते मुळात पटलेलंच नव्हतं. चांगली प्राण्यांची डॉक्टर झालेली पोरगी. मिनियापोलिसमध्ये कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकला असता तर रविवारी घरी जेवायला आली असती. तर ही गेली पार उत्तरेला, फेअरबँक्सला, मेलेल्या कोल्ह्यांच्या मागे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिच्याकडे महिनाभर राहायला गेले. नवऱ्याला विमानात फार वेळ बसवत नाही, म्हणून एकटीच. बॅगेत बेसन, तूप, वेलदोडे, भाजणी, सगळं कोंबून नेलं होतं. पोरगी एअरपोर्टवर आली ती मोठा थोरला पिकअप ट्रक घेऊन. हात बघितले तर भेगा पडलेले. मी म्हटलं, "हे काय करून घेतलंयस हातांचं?" तर म्हणाली, "आई, हाय टू यू टू."

दुसऱ्या दिवशी ती मला युनिव्हर्सिटीतल्या तिच्या लॅबमध्ये घेऊन गेली. मायक्रोस्कोपपाशी बसवलं आणि म्हणाली, "बघ ना." मी आधी नाक मुरडलं, मग बघितलं. आत एक पांढुरकी वस्तू होती, पुढे गोल डोकं, डोक्याला आकड्यांचं कडं, मागे दोन-चार मणी जोडल्यासारखं अंग. नुसत्या डोळ्यांनी तिळापेक्षा लहान दिसत होती.

"एवढुशा किड्यासाठी तू हा संसार मांडलायस?"

"एवढासाच असतो तो," ती म्हणाली. "दॅट्स द प्रॉब्लेम."

मग तिने मला समजावून सांगितलं. तिचं मराठी आणि इंग्रजी एकाच पातेल्यात शिजतं, पण त्या दिवशी मला अगदी नीट कळलं. हा जंत कोल्ह्याच्या आतड्यात असतो आणि कोल्ह्याला फारसा त्रास देत नाही. त्याची अंडी कोल्ह्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गवतातल्या उंदरांच्या पोटात जातात, आणि तो उंदीर खाल्ला की पुन्हा कोल्ह्यात. त्यांचं त्यांचं चालू असतं. भानगड होते ती गावातल्या कुत्र्याने असा उंदीर खाल्ला की. कुत्रं दारात, त्याच्या घाणीत आणि केसांत अंडी, कुत्र्याच्या अंगावर पोर लोळतंय, आणि पोराचा हात तोंडात. अंडं माणसाच्या पोटात गेलं की लिव्हरमध्ये गाठ धरते आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहते. नवऱ्याने फोनवर सांगितलं, "कॅन्सरसारखी पसरते ती. उशिरा सापडली तर फार हाल." तो असल्या गोष्टी फार शांतपणे सांगतो, मला ते ऐकवत नाही.

आणि ही अंडी थंडीला भीक घालत नाहीत. घरच्या फ्रीझरमध्ये खुशाल जिवंत राहतात. म्हणून लॅबमध्ये आलेला कोल्हा आधी एका खास फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवायचा, जिथे आपला हात चुकून उघडा लागला तर कातडी चिकटून यावी इतकी थंडी असते, आणि मगच त्याचं पोट उघडायचं. नाहीतर उकळतं पाणी. साबणाने, स्पिरिटने त्यांना काही होत नाही. हे तिने मला सांगितलं होतं. मी "हं हं" म्हणत होते, आणि लॅबच्या खिडकीच्या काचा कोण पुसतं याचा विचार करत होते.

कोल्हे यायचे ते पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावातून. तिथले मूळचे लोक हिवाळ्यात सापळे लावून कोल्हे धरतात, कातडी ठेवतात आणि उरलेलं धूड गोठवून ठेवून जमेल तसं हिच्यासाठी विमानाने पाठवतात. हे काही सहज झालं नव्हतं. पूर्वी कुणी दुसरे लोक येऊन त्या गावातल्या माणसांचं आणि कुत्र्यांचं रक्त काढून घेऊन गेले होते, ते परत काही सांगायला म्हणून आले नाहीत. त्यामुळे लेक पहिल्यांदा गेली तेव्हा तिला चहा मिळाला, कोल्हे मिळाले नाहीत. तिने दोन हिवाळे तिथे फेऱ्या मारल्या. शाळेत मुलांना शिकवलं, बायकांबरोबर बसून मासे कापले. तिथल्या एका बाईंनी तिला हाताशी धरलं. शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, आता गावच्या पंचांपैकी एक. लेक त्यांना ऑंटी म्हणायची. ऑंटींच्या शब्दाखातर गावाने कोल्हे द्यायला सुरुवात केली होती.

आता पुढचं पाऊल होतं कुत्र्यांना गोळ्या. उन्हाळाभर दर महिन्याला गावातल्या प्रत्येक कुत्र्याला जंताची गोळी. कोल्ह्यांचं काही करता येत नाही, पण कुत्र्यांचं येतं, आणि मुलं कुत्र्यांबरोबर झोपतात. हे करू द्यायचं की नाही, ते गाव एका सभेत ठरवणार होतं. सभा पुढच्याच आठवड्यात होती. लेक हसत-बोलत होती, पण जेवताना मधेच थांबायची. "ते नाही म्हणाले तर?" मी एकदा विचारलं. "तर नाही," ती म्हणाली. "त्यांचं गाव आहे. मग दुसरं गाव शोधायचं, आणि इथल्या मुलांचं जे होईल ते होईल." तिचा आवाज असा कोरडा झाला की समजावं, हिला रडू येतंय.

तो शनिवार. ती सकाळीच विद्यार्थ्यांना घेऊन कुठे टेकड्यांत गेली होती, युनिव्हर्सिटीच्या गाडीने. तिचा ट्रक दारात. मी घरात एकटी, आणि मला रिकामं बसवत नाही. कपाटं लावून झाली. बेसनाचे लाडू वळून झाले, चकल्या तळून झाल्या, डबा भरला. पण लेक म्हणाली होती की ती साखर खात नाही. साखर खात नाही म्हणजे काय, आईने केलेला लाडूसुद्धा? असो.

तेवढ्यात मला आठवलं, आदल्या संध्याकाळी ती फोनवर म्हणत होती, "ऑंटींचा कूलर परत पाठवायला हवा, त्यांना मासेमारीला लागेल." कूलर म्हणजे लोक सहलीला बर्फ आणि कोल्ड्रिंक घालून नेतात ते झाकणाचं प्लास्टिकचं खोकं. ट्रकच्या मागे काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून, वरून टेप मारून ठेवलेलं होतं. मी पिशवी फाडली. खोकं रिकामं होतं, तळाशी थोडं मळकट पाणी. मी मनात म्हटलं, बघा, ज्या बाईने पोरीसाठी एवढं केलं, तिचं खोकं ही अशा अवस्थेत ठेवते. माझ्या पोटच्या पोरीला कुणी शिकवलंय की नाही?

मी ते खोकं बाथटबमध्ये नेऊन भांड्याच्या साबणाने घासलं. खसाखसा घासलं, मला कमी आवडतच नाही. पुसून उन्हात ठेवलं. आणि मग जे केलं ते आमच्या घरात प्रत्येक बाईने केलं असतं. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देत नाही. वाटी आली तर वाटीत काहीतरी घालून जाते, चार शेंगदाणे का असेनात. माझी आई असंच करायची, मीही अमेरिकेत इतकी वर्षं हेच केलं, समोरच्या गोऱ्या शेजारणीची केकची थाळीसुद्धा कधी रिकामी पाठवली नाही. तर मी खोक्याला आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावली, त्यावर लाडूंचा एक थर, मधे फॉइल, वर दुसरा थर, कडेला चकल्या. रुखवत मांडल्यासारखं दिसत होतं. मग ट्रक काढला, त्या भल्या थोरल्या धुडाला दटावत विमानाच्या कार्गो काउंटरवर गेले, आणि गावाचं नाव सांगून खोकं देऊन टाकलं. काउंटरवरचा माणूस ऑंटींना ओळखत होता. म्हणाला, दुपारच्या विमानाने जाईल. मी फार खूश होते.

लेक चार वाजता आली. बूट काढता काढता ट्रककडे तिचं लक्ष गेलं.

"आई, मागचा कूलर कुठंय?"

"पाठवला. तुझ्या ऑंटींना."

ती एक बूट पायात, एक हातात, अशी उभी राहिली. "पाठवला म्हणजे?"

"स्वच्छ धुऊन पाठवला. काय अवस्था होती गं त्याची. आणि रिकामा कसा पाठवायचा, म्हणून लाडू भरले."

"लाडू भरले," ती म्हणाली. "डब्यात?"

"डबा कशाला? फॉइल लावली की आतून."

तिने बूट खाली टाकला. "आई, त्यात कोल्हे आले होते. काल. तो अजून उकळलेला नव्हता. सोमवारी लॅबमध्ये उकळत्या पाण्याने करणार होते, म्हणून मी बांधून ठेवला होता. आय टोल्ड यू. साबणाने ती मरत नाहीत."

मी पलंगावर बसलेच. लाडू. पोरं हातात घेऊन खाणार. ते गाव मी कधी बघितलेलं नव्हतं, पण डोळ्यांसमोर पोरं दिसली.

लेकीने फोन लावला. ऑंटींकडे कुणी उचलेना. गावातल्या दवाखान्याला लावला, तो शनिवारचा बंद. कार्गोवाल्यांना लावला, तर विमान पोचून तास उलटला होता आणि खोकं ऑंटींचा नातू घेऊन गेला होता. मग तिने माझ्या नवऱ्याला लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "धुतलेलं आहे, वर फॉइल आहे. धोका अगदी थोडा. पण थोडा म्हणजे शून्य नाही. सांगायला हवं." आणि वर, "आणि तुझ्या आईवर ओरडू नकोस." त्याने माझी ही एवढीशी बाजू घेणं मला तेव्हा फार लागलं, कारण ती ओरडत नव्हती.

मी म्हटलं, "असं कर, सांग की तूप खराब निघालं. लाडू नका खाऊ, पोट बिघडेल. बस. कोल्ह्यांचं कशाला काढायचं? सभा तोंडावर आलीय. तुझं हसं होईल. म्हणतील, आम्हाला शिकवायला येते आणि हिच्या घरात हे."

"होऊ दे हसं."

"अगं, दोन वर्षं घासलीस तू. माझ्यामुळे जाईल सगळं."

"जाईल तर जाईल," ती म्हणाली. "मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. त्यांच्याशी लोक आधी खूप बोललेत."

हे ती मराठीत बोलली, एकही इंग्रजी शब्द न घालता. मला तिचा राग आला. अभिमान वगैरे नंतर वाटला, तेव्हा रागच आला. एवढी हट्टी कशी झाली, कुणावर गेली, असं मी पुटपुटले, आणि ती म्हणाली, "खरंच विचारतेस?"

संध्याकाळभर ती फोन लावत राहिली. मधल्या वेळात आम्ही दोघींनी बाथटब उकळत्या पाण्याने धुतला, कारण खोकं मी त्यात घासलं होतं. ती किटली आणायची, मी पातेली. माझ्या अडीच हजार मैलांच्या प्रवासाचं सार्थक चाललं होतं ते हे असं. तिच्याकडे पातेली दोनच. तिला मी घरी गेल्यावर चार पाठवली.

सकाळी आठला फोन वाजला. ऑंटी. लेकीने स्पीकरवर टाकला, बहुधा मला शिक्षा म्हणून.

"काल दुपारनंतर मासे धरायला गेलो होतो सगळे, आत्ता आलो," त्या म्हणाल्या. "तुझे इतके मिस्ड कॉल. कुणी मेलं का?"

"ऑंटी, त्या कूलरमध्ये..."

"हो, गोल गोल काहीतरी आहे. काय वास आहे गं त्याला. माझी नातवंडं माझ्याशी बोलत नाहीयेत."

लेकीने डोळे मिटले. "त्यांनी खाल्लं का?"

"खाल्लं? कोल्ह्याच्या खोक्यातलं?" ऑंटींचा आवाज चढला, शाळेतल्या बाईंचा चढतो तसा. "तूच नाही का शिकवलंस, कोल्ह्याच्या खोक्यातून आलेलं काहीही तोंडात घालायचं नाही. नातू आणायला गेला तोच मला सांगत आला, आजी, हे त्या खोक्यात आहे. मी झाकण लावून वर दगड ठेवून शेडमध्ये ठेवलंय. कुत्र्यांनाही पोचता येणार नाही. मला वाटलं, ही आपलंच शिकवलेलं विसरली, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी भरलंय. कोण आहे ते?"

"माझी आई," लेक म्हणाली. आणि मग ती हसायलाही लागली आणि रडायलाही. जीव भांड्यात पडला म्हणतात तो माझाही पडला.

"दे तिला फोन," ऑंटी म्हणाल्या.

मी घेतला. इतक्या वर्षांचं माझं इंग्रजी कुठे गेलं कुणास ठाऊक. "सॉरी," म्हटलं. "आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत."

मग त्या म्हणाल्या, "कशाचं केलेलं असतं ते?"

"चण्याचं पीठ, तूप, साखर."

"मग सभेला तूही ये. येताना घेऊन ये ते. त्या खोक्यातून नको."

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. आधी मोठ्या विमानाने एका गावी, तिथे धुकं म्हणून दिवसभर बाकड्यावर, मग एका चिमुकल्या विमानात, जिथे माझं वजन विचारून मला पायलटच्या शेजारी बसवलं. वजन मी थोडं कमी सांगितलं, आणि मग सगळा प्रवास आपण पडलो तर माझ्यामुळे, या विचारात गेला. खाली समुद्रावरचं बर्फ फुटलेलं, तुकडे इकडेतिकडे. गावात लाकडी फळ्यांचे रस्ते, प्रत्येक घरापुढे कुत्री बांधलेली, वितळत्या बर्फातून हिवाळ्याभराची त्यांची घाण वर आलेली, आणि त्याच फळ्यांवर पोरं सायकली फिरवत होती. आता मला दिसलं, लेक जेवताना का थांबत होती ते.

सभा शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये. लेकीने मला सांगितलं होतं तेवढंच तिथे सांगितलं, नकाशे नाहीत, चित्रं नाहीत. एका बशीत तो जंत ठेवला होता, लोक उठून येऊन भिंगातून बघत होते. मग एक म्हातारे गृहस्थ बोलायला उभे राहिले. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त कुत्री होती. म्हणाले, "तुमच्यासारखे आधीही आले. रक्त नेलं. काय सापडलं ते कधी सांगितलं नाही. आता गोळ्या. माझा कुत्रा मेला तर?"

"तर मी पुढच्या विमानाने येईन," लेक म्हणाली. "आणि मेला तर का मेला, ते तुम्हाला सांगेन. माझी चूक असली तरी."

"हे म्हणायला सोपं आहे," ते म्हणाले, आणि बसले नाहीत.

लेकीचे कान लाल झाले होते. मला वाटलं, गेलं. तेवढ्यात ऑंटी उठल्या आणि त्यांनी लाडवांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून. फॉइलसकट. लोक हसायला लागले, मागच्या बायका तर डोळे पुसत होत्या, आणि मी धरणीमाय पोटात घे म्हणत खुर्चीत बारीक होत होते. म्हातारे हसत नव्हते. ते माझ्याकडे वळले.

"खरं आहे हे? तू पाठवलंस?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. उभी राहिले. "हो, मीच. आणि चांगले झाले होते."

"आणि मुलीने फोन केला?"

"कळल्या क्षणापासून करत होती. मी तिला म्हटलं, सांग की तूप खराब निघालं. ऐकलं नाही तिने. कधीच ऐकत नाही ती माझं."

म्हाताऱ्यांनी एकदा लेकीकडे बघितलं. मग ते जिमकडे तोंड करून म्हणाले, "आधीचे जे आले होते ना, ते म्हणाले असते, तूप खराब आहे."

आणि ते बसले. बसताना म्हणाले, "एक उन्हाळा देऊ. एकच. हिने सप्टेंबरात येऊन काय सापडलं ते दाखवायचं. मग पुढचं." हात वर झाले. सगळे नाही झाले, दोन-तीन माणसं हाताची घडी घालून बसली. पण झाले ते पुरेसे होते. लेकीने माझा हात धरला, इतका घट्ट की अंगठी रुतली. मी सोडवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑंटींच्या अंगणात गोळ्या द्यायला सुरुवात झाली. माणसं कुत्री घेऊन आली, दोरखंडाने, साखळीने, एक बाई तर कुत्रं कडेवर घेऊन. माशाच्या गोळ्यात औषध लपवायचं आणि कुत्र्याला द्यायचं. लेक चिखलात गुडघे टेकून बसली होती, एका हाताने जबडा धरायची, दुसऱ्याने घसा चोळायची, मग कुत्र्याशी काहीतरी बोलायची. म्हाताऱ्यांनी त्यांची सगळी कुत्री आणली. पहिल्या कुत्र्याला त्यांनी स्वतःच्या हाताने गोळी दिली, दुसऱ्याच्या वेळी तिच्या हातात सोडलं. मी कुत्र्यांना कधी हात लावत नाही. त्या दिवशी मी साखळ्या धरल्या, त्यांची लाळ माझ्या कोटावर, केस माझ्या बाह्यांना. इतकी गुंतले होते की चेहऱ्यावर हसू आहे हे लेकीने सांगितल्यावर कळलं.

काम संपलं तेव्हा ऑंटींनी चहा काढला आणि जाड खारी बिस्किटं. भूक सपाटून लागली होती. मी बिस्किटाला हात घातला, तर ऑंटींनी माझं मनगट धरलं.

"हात," त्या म्हणाल्या.

त्या गावात घरोघरी नळ नाहीत. पाणी लांबून पिंपात भरून आणावं लागतं आणि जपून वापरावं लागतं, हे मी दोन दिवसांत बघितलं होतं. घराच्या पायरीशी त्यांनी एक तोटी लावलेलं पिंप ठेवलं होतं, त्यात शेगडीवरचं गरम पाणी ओतलेलं, वाफ येत होती. खाली घमेलं, बाजूला साबण. अंडी साबणाने मरत नाहीत, पण हातावरून वाहून जातात, हे आता मलाही पाठ होतं. आणि रांग होती. कुत्री आणलेली सगळी माणसं त्या रांगेत उभी होती, म्हातारे गृहस्थ होते, हाताची घडी घालून बसलेल्यांतला एकजण होता, आणि पुढे पोरं. कुणी कुणाला सांगत नव्हतं. एक लहान मुलगी तोटीखाली हात धरून बोटांच्या मधे, नखांच्या खाली, मनगटापर्यंत घासत होती, आणि तिच्या मागचं पोर घाई करत नव्हतं.

लेक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पोरांकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि ती पुसत नव्हती, कारण हात अजून धुतलेले नव्हते. मी माझ्या कोपराने तिच्या कोपराला स्पर्श केला, आणि आम्ही दोघी रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिलो.